ज्याच्या हाती भाकर, त्याने होकार मागावा काय?

हल्ली उन्हाळ्याच्या दिवसांत काही ख्रिस्ती तरुण व तरुणी समुद्रापलीकडे जाऊन तेथील मुलामुलींच्या ख्रिस्ती शिबिरांत स्वयंसेवक म्हणून पुढारीपणाचे काम करितात. कोणी अमेरिकेस जातो, कोणी इंग्लंडास. शहरांतील मंडळ्यांस ह्या गोष्टीचे आता फारसे नवल वाटत नाही, आणि आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतूनही एखादा शिकलेला मुलगा किंवा परिचारिका झालेली मुलगी अशा कामासाठी अर्ज करू लागली आहे. परत आल्यावर उपासनेनंतर त्यांस चार शब्द बोलावयास उभे करितात. सरोवराचे वर्णन होते, थंडीचे होते, तेथील भोजनाचे होते. आणि शेवटी बहुधा एक आकडा सांगण्यात येतो, तो हा की, शेवटच्या रात्री शेकोटीपाशी इतक्या मुलांनी आपले जीवन प्रभूस वाहिले. मंडळी आनंदाने 'आमेन' म्हणते.

ह्या आनंदावर पाणी ओतण्याची माझी इच्छा नाही. मुलांनी प्रभूकडे यावे असे ज्यास वाटत नाही त्याने पाळकाचा झगा अंगावर घालू नये. परंतु त्या आकड्यापाशी माझे मन दर वेळी अडखळते, आणि वाचकांनी, विशेषतः उपदेशकबंधूंनी, माझ्याबरोबर तेथे थोडे थांबावे अशी विनंती आहे. मूल दुसऱ्याचे. देश परका. पुढारी सहा-आठ आठवड्यांचा पाहुणा. मुलाची भाकर, बिछाना, होडी, आजारात औषध, हे सर्व त्या पाहुण्याच्या हाती. अशा मनुष्याने त्या मुलापाशी जन्मभराचा होकार मागावा काय? मागावा तर कसा, आणि कोठे थांबावे?

ही शिबिरे म्हणजे काय हे ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी प्रथम सांगितले पाहिजे. १८८५ साली समनर डडली नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्क संस्थानातील ऑरेंज लेक नावाच्या तळ्याकाठी सात मुलांस तंबूत राहावयास नेले. हा यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचा कार्यकर्ता होता. मुलांनी डोकी भादरून घेतली होती, म्हणून त्या पहिल्या शिबिरास थट्टेने 'टकल्यांचे शिबिर' असे नाव पडले. डडली १८९७ साली वारला. पण त्याच्या नावाचे शिबिर शॅम्प्लेन सरोवराच्या काठी वेस्टपोर्ट येथे आजही दर उन्हाळ्यात भरते, आणि त्याच्यामागून तशी शिबिरे शेकड्यांनी निघाली.

त्याच्याही आधी, १८६८ च्या उन्हाळ्यात, वेल्समधील लँडडनो येथील समुद्रकिनाऱ्यावर जोसाया स्पायर्स ह्या इंग्रजाने देवाच्या प्रीतीविषयीचे एक लहानसे वचन वाळूत मोठ्या अक्षरांनी लिहिले आणि जमलेल्या मुलांस ती अक्षरे गोट्यांनी व समुद्रातल्या शेवाळाने सजवावयास सांगितली. मुले कामास लागली, आणि तो त्यांस गोष्टी सांगू लागला. ही हकीकत मला फार आवडते. परंतु तिच्यातील एक बाब सहसा कोणी ध्यानात घेत नाही. ही सुट्टीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले होती, आणि त्यांची घरची माणसे त्याच गावात होती. कंटाळा आला तर मूल वाळू झटकून उठे व आईकडे जाई. स्पायर्सच्या हाती वाळूवाचून दुसरे काही नव्हते. जे मूल उठून गेले त्यास दुपारचे जेवण त्याच्या आईच्या हातून मिळतच होते.

शिबिरात हे सर्व पालटते. तेथे आठ-दहा मुलांमागे एक पुढारी असतो, त्यास काउन्सेलर म्हणतात. तो त्यांच्याच खोलीत निजतो. सकाळी तोच उठवितो, अंथरुणे घडी करवितो, शास्त्राचा पाठ वाचवितो, पोहावयास नेतो. पाण्यात प्रत्येक मुलाची दुसऱ्या मुलाशी जोडी लावलेली असते. मधूनच शिट्टी वाजते, जोडीदार एकमेकांचा हात धरून वर करितात, आणि काठावर उभा असलेला राखणदार डोकी मोजतो. एक जोडी कमी भरली तर सगळे तळे रिकामे करितात. ही पद्धत मला अतिशय सुंदर वाटते, आणि आपल्या नदीकाठच्या गावांनी ती उचलावी असे जाता जाता म्हणतो.

रात्री दिवे मालवले की घरची आठवण येते. दहा वर्षांचे मूल उशीत तोंड खुपसून रडते. तेथे त्यास जवळ घेणारा एकच, तो पुढारी. तिसऱ्या दिवशी ते मूल त्याच्या मागे सावलीसारखे फिरू लागते. त्याची चाल चालते, त्याचे शब्द बोलते. आणि पुढारी जर दूरदेशाहून आलेला असेल तर त्याच्याविषयीचे कुतूहल ह्या ममतेत मिसळते: ह्याने हत्ती पाहिला आहे, ह्याच्या गावी मोर अंगणात येतात! शाळेतल्या गुरुजींस वर्षभरात जे मिळत नाही ते त्यास आठ दिवसांत मिळते. तरुण पुढाऱ्यास वाटते, हे माझ्या प्रार्थनेचे फळ आहे. त्यात प्रार्थनेचे फळ असेलही. परंतु बराच भाग घरापासून दूर असलेल्या कोणत्याही मुलाने कोणत्याही दयाळू मनुष्यास दिलाच असता. ही त्याची कमाई नव्हे. ती मुलाच्या आईबापांची ठेव आहे आणि काही दिवस त्याच्या घरी ठेविलेली आहे.

मग शेवटची रात्र येते. अंधार, सरोवर, मोठी शेकोटी, हळू स्वरातील गायने. पुष्कळ शिबिरांत अशी चाल आहे की, ज्याने आपले जीवन प्रभूस वाहण्याचा निश्चय केला असेल त्याने पुढे येऊन एक काटकी अग्नीत टाकावी. एक मूल उठते. दुसरे उठते. कोणी हुंदके देऊ लागते. मुले थकलेली असतात, उद्या एकमेकांस सोडून जावयाचे म्हणून अंतःकरण आधीच भरून आलेले असते, आणि ज्याच्यावर जीव जडला तो पुढारी समोर उभा राहून वाट पाहत असतो. आपले मूल उठते आणि काटकी टाकते. त्याने होकार कोणास दिला? देवास? की उद्या सकाळी जो कायमचा अंतरणार आहे त्या मनुष्यास? दहा वर्षांच्या मुलास हा भेद करता येत नाही. मोठ्यांसही तो नेहमी करता येतो असे नाही.

येथे एक उपदेशकबंधू मला अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. ते म्हणतील, पाळकसाहेब, पवित्र आत्म्यास शेकोटीची मनाई आहे काय? मी स्वतः जत्रेच्या गर्दीत, डफाच्या तालावर, रडता रडताच ख्रिस्ताकडे आलो. ह्यावर माझ्याने काही बोलवत नाही, कारण हे खरे आहे. देव शेकोटीतून बोलतो, झुडपातून बोलतो, आणि बलामाच्या गाढवाच्या तोंडूनही बोलला. पण देव काय करू शकतो हा आपला प्रश्न नाही. मनुष्याने काय करावे हा आहे. गाढवाच्या तोंडून देव बोलला म्हणून गाढवे पाळण्याचे काम कोणी सुरू केले नाही.

हा वाद जुना आहे. १८३० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फिनी ह्या प्रसिद्ध उपदेशकाच्या सभांत पुढे एक बाक ठेवीत; ज्यास आपल्या आत्म्याची चिंता वाटत असेल त्याने तेथे येऊन बसावयाचे. १८४३ साली पेन्सिल्व्हेनियातील जॉन नेव्हिन ह्या धर्मशास्त्राच्या अध्यापकाने त्या बाकाविरुद्ध एक पुस्तकच लिहिले. बाकापर्यंत जाणे व ख्रिस्तापर्यंत जाणे ह्यांची लोक गल्लत करितील, ही त्याची भीती होती. चार वर्षांनी हार्टफर्डचे पाळक होरेस बुशनेल ह्यांनी ख्रिस्ती संगोपनावर पुस्तक लिहून असे प्रतिपादिले की, ख्रिस्ती घरातील मूल असे वाढावे की आपण कधी काळी ख्रिस्ती नव्हतो असे त्यास आठवूच नये. त्यावर एवढे काहूर उठले की प्रकाशकांनी पुस्तक परत घेतले. बुशनेलच्या म्हणण्यात एक उणीव मला दिसते. ज्यांचे आजे-पणजे पहिल्या पिढीचे ख्रिस्ती झाले त्या आपण लोकांस एका ठराविक दिवशी वळण्याची किंमत ठाऊक आहे, आणि तो दिवस आपण विसरू शकत नाही. परंतु मूल कोणाच्या सहवासात वाढते ह्यावर त्याने भर दिला तो योग्यच होता. शिबिराचा पुढारी आठ दिवसांचा असतो. मूल ज्यांच्यात वाढावयाचे ते लोक त्या शेकोटीपाशी नसतातच.

तथापि ह्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वात स्पष्ट सापडले ते पुस्तकांत नव्हे, तर आपल्याच देशातील एका कामात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात तेलुगू मुलखात ओंगोल येथे जॉन क्लॉ नावाचे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी होते. सरकार त्या वेळी दुष्काळी काम म्हणून बकिंगहॅम कालवा खणवीत होते. क्लॉसाहेबांनी कालव्याच्या काही मैलांचे काम कंत्राटाने घेतले आणि हजारो उपाशी लोकांस, बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतील, मजुरी मिळवून दिली. मजूर बाप्तिस्मा मागू लागले. मिशनरी मनुष्यास ह्याहून गोड मागणी कोणती? पण साहेबांनी वर्षाहून अधिक काळ एकासही बाप्तिस्मा दिला नाही. जोपर्यंत माझ्या हाती तुमची भाकर आहे तोपर्यंत तुमचा होकार मी घेणार नाही, असा त्यांच्या वागण्याचा अर्थ होता. दुष्काळाचे काम संपले, मजुरी बंद झाली, साहेबांपाशी देण्यास काही उरले नाही. आणि तरीही लोक आले. ३ जुलै १८७८ ह्या एका दिवशी २२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. मोठा आकडा म्हणून ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला त्या आकड्याआधीचे ते कोरे महिने अधिक मोठे वाटतात.

आपण मराठी खेड्यांतील ख्रिस्ती लोक ही गोष्ट दुसऱ्यांपेक्षा लवकर समजू. 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा आपल्या आजीने पाणवठ्यावर ऐकला आहे. तो टोमणा बहुतेक वेळा खोटा होता. परंतु तो का लागतो हे आपणांस ठाऊक आहे. ज्या होकारामागे भाकर आहे तो होकार देणाऱ्याचा स्वतःचा राहत नाही, निदान जगास तसा दिसत नाही, आणि कधी कधी रात्री जागे असता त्याचे त्यालाही तसा वाटत नाही. हे ज्यांनी भोगले त्यांच्या मुलांनी परदेशी जाऊन, थकलेल्या व घरापासून तुटलेल्या बालकाभोवती शेकोटीचे कडे करून तसाच होकार मिळवावा, हे मला बरे दिसत नाही. तेथील मूल गोरे आहे, त्याच्या घरी भाकरीची वाण नाही, म्हणून गोष्ट बदलते असे नाही. त्या आठ दिवसांत त्याची भाकर आपल्याच हाती आहे, आणि भाकरीपेक्षा मोठी अशी जी माया तीही.

मग पुढाऱ्याने देवाचे नावच काढू नये काय? असे मी म्हणत नाही. ख्रिस्ती शिबिरात ख्रिस्त नसेल तर ते नुसते पोहण्याचे तळे. मुलाने विचारले तर सांगावे, न विचारले तरी पाठ द्यावा, त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि आपण का विश्वास ठेवितो हे आडपडदा न ठेविता बोलावे. सांगणे आणि ओढणे ह्यांत मात्र अंतर आहे. ते अंतर कोठे आहे हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील एका रात्रीने मला दाखविले.

रात्रीची वेळ आहे. आईपासून दूर राहणारे एक मूल मंदिरात निजले आहे. त्यास हाक ऐकू येते. ते धावत आपल्या ओळखीच्या एकुलत्या एका मोठ्या माणसाकडे, वृद्ध एलीकडे, जाते. हीच ती शिबिराची रात्र. मुलास वाटते की हाक एलीची आहे. ते आज्ञा पाळावयास हात जोडून उभे आहे. एलीने जे सांगितले असते ते त्याने केले असते. एली दोनदा त्यास परत पाठवितो आणि निजावयास सांगतो. तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात येते की हाक कोणाची आहे. आता तरी त्याने मुलाचा हात धरून त्याच्याबरोबर जावे, शेजारी बसावे, उत्तर शिकवावे, साक्षीदार व्हावे की नाही? तो तसे करीत नाही. हाक पुन्हा आली तर काय म्हणावयाचे एवढे तो एका वाक्यात सांगतो, आणि मुलास एकट्यास त्याच्या जागी पाठवून आपण आपल्या अंथरुणावर राहतो. मुलाचे व देवाचे जे बोलणे व्हावयाचे तेथे एली हजर नाही.

आणि पुढचा भाग आपण रविवारच्या शाळेत मुलांस बहुधा सांगत नाही. मूल देवाकडून जे ऐकून आले ते एलीच्या घराण्याविरुद्ध होते. सकाळी ते घाबरले होते, सांगेना. एलीने ते त्याच्याकडून वदवून घेतले आणि मान खाली घालून मान्य केले. एली पुष्कळ बाबतींत दुबळा होता, आपल्या मुलांस त्याने आवरले नाही, पण पुढारीपणाची ही परीक्षा तो उतरला. जो मुलास देवाचे ऐकावयास पाठवितो त्याने मूल आपल्याविरुद्ध काही ऐकून येईल ह्याचीही तयारी ठेविली पाहिजे. 'मला निश्चय करावयाचा नाही' असे म्हणणाऱ्या मुलास दुसऱ्या दिवशी सकाळी तीच लापशी, तोच हसरा चेहरा आणि होडीत तीच जागा मिळाली पाहिजे. 'तुमचे वागणे मला बरे वाटले नाही' असे म्हणणाऱ्या मुलाचे ऐकणारा कोणीतरी त्या शिबिरात असला पाहिजे.

असा कोणी नसला म्हणजे काय होते ते अंधारात ठेवण्यासारखे राहिलेले नाही. इंग्लंडातील आयवर्न नावाच्या प्रसिद्ध ख्रिस्ती शिबिरांत जॉन स्माइथ हा एक मोठा वकील स्वयंसेवक पुढारी होता. १९७० नंतरच्या दशकाच्या शेवटी व १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्याने शिबिरांतून हाती आलेल्या कित्येक मुलांस व तरुणांस आपल्या बागेतील एका खोपटात रक्त येईपर्यंत छड्या मारल्या. पापाचे शासन व पवित्रतेचा मार्ग म्हणून तो हे करी, आणि पुष्कळांनी ते निमूटपणे पत्करले. त्यांचा होकार त्याने आधीच मिळविला होता! १९८२ साली त्याविषयी एक गुप्त अहवाल तयार झाला. तो काही थोड्या कार्यकर्त्यांनी वाचला आणि पोलिसांकडे कोणी गेले नाही. १९८४ साली स्माइथ झिंबाब्वेत गेला. परदेशात, परक्या मुलांत, त्याने पुन्हा ख्रिस्ती शिबिरे चालविली आणि पुन्हा मुलांस मारले. १९९२ च्या डिसेंबरात त्याच्या एका शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा तलावात मृत सापडला. स्माइथ २०१८ साली दक्षिण आफ्रिकेत वारला. न्यायासनापुढे त्याचा कधी निवाडा झाला नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात ह्या सर्वाचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला, दोन्ही खंडांतील मिळून शंभराहून अधिक बळी असावेत असे त्यात दिसून आले, आणि कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी ह्यांनी आपले पद सोडण्याचे जाहीर केले.

हे लिहिताना हात जड होतो. परंतु ज्यांनी तो अहवाल कपाटात ठेविला ते दुष्ट लोक नव्हते, हे ध्यानात घ्या. काम चांगले आहे, पुढारी वेतन घेत नाही, इतक्या मुलांचे निश्चय झाले आहेत, ह्या कामास डाग लागू नये, असे त्यांस वाटले. विनावेतन काम करणाऱ्यास जाब कोण विचारणार? पगारी मनुष्यास मालक विचारतो. फुकट सेवा करणाऱ्यापुढे आपली जीभ लुळी पडते. म्हणून मी तर असे म्हणेन की, स्वयंसेवकास पगारी नोकरापेक्षा अधिक बारकाईने तपासावे.

आता इंग्लंडात मुलांत काम करू इच्छिणाऱ्याचा पूर्ववृत्तान्त सरकारी खात्याकडून तपासून घेतात. परदेशाहून येणाऱ्याकडे त्याच्या देशातील पोलिसांचा दाखला मागतात. पुढाऱ्याने एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड राहू नये, दुसरा मोठा मनुष्य दिसेल अशा ठिकाणी बसूनच बोलावे, असे नियम चांगल्या शिबिरांत असतात. आपल्या तरुणांस ह्याचा राग येतो असे मी ऐकिले आहे. 'मी उपदेशकाचा मुलगा, माझा दाखला पोलिसचौकीतून आणू काय?' होय, आणावा. पाण्यातील जोडी मोजणारा राखणदार कोणत्याही मुलावर बुडण्याचा आरोप करीत नसतो.

येथवर मुलाच्या बाजूने बोललो. जाणाऱ्या तरुणाच्या अंतःकरणाविषयीही थोडे सांगतो, कारण परदेशी त्याच्यापुढे एक मोह उभा राहतो आणि तो पैशाचा नसतो. अमेरिकेत जाणाऱ्या काउन्सेलरास तेथील सरकार फार तर चार महिन्यांचा परवाना देते, थोडासा हातखर्च मिळतो, श्रीमंत होऊन कोणी येत नाही. मोह वेगळाच आहे. कित्येक शिबिरांत एक संध्याकाळ परदेशातील मिशनकार्यासाठी राखलेली असते. त्या संध्याकाळी आपल्या तरुणास पुढे बोलाविले जाते. 'तुझ्या देशाविषयी सांग.' तो सांगू लागतो, आणि त्याच्या ध्यानात येते की, विहीर, ऊस, वर्गातील दंगा ह्यांविषयी बोलले की मुले चुळबुळ करितात. पण उपास, साप, अंधार, मूर्ती ह्यांविषयी बोलले की सभा निःशब्द होते आणि मोठ्या माणसांचे डोळे ओले होतात. पुढच्या खेपेस तो विहीर गाळतो. त्याच्या पुढच्या खेपेस साप मोठा होतो. त्याच्या आईने लुगड्यास ठिगळ लावले होते ते आपल्या अब्रूसाठी. मुलगा ते ठिगळ परक्यांस उलगडून दाखवितो. एक खोटा शब्द न बोलताही हे करता येते, म्हणूनच हा मोह अवघड. आणि तो त्या शेकोटीच्या मोहाचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही ठिकाणी समोरच्याचे हृदय हलले की आपले काम झाले असे वाटते; हृदय कशाने हलले हे विचारावेसे वाटत नाही.

'गावच्या रविवारच्या शाळेस शिक्षक नाही आणि हे समुद्रापलीकडे चालले', असेही काही वडील म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण परक्या देशी पुढारी होण्यात एक मोठा लाभ आहे, आणि तो घरी मिळत नाही. तेथे आपली जीभ अडखळते. इंग्रजी शब्द वेळेवर सापडत नाही. आठ वर्षांची मुलगी तो पुरविते. होडी कशी बांधावी हे मुलगा शिकवितो. आपण पुढारी आहो, तरी मुले आपणांस सांभाळून घेतात. गावात ज्याच्या शब्दास मंडळीत कोणी आडवे जात नाही त्या वडिलांच्या मुलाने असे आठ आठवडे काढावे, हे मला कोणत्याही शिक्षणापेक्षा मोलाचे वाटते. ज्याच्यापाशी शब्द थोडे आहेत तो मुलास फार ओढूही शकत नाही.

परका मनुष्य वाटेत भेटून काय करू शकतो ह्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावाकडे जात असता डब्यात एक परदेशी प्रवासी भेटला. दोघांचे बोलणे झाले. निघताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि ती वाचा असा आग्रह केला. टिळकांनी ते पुस्तक घरी वाचले, झगडले, पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.  त्या प्रवाशाने डब्यात होकार मागितला असता तर टिळकांसारख्या तापट मनुष्याने पुस्तक खिडकीतून फेकले असते, असे मला वाटते. लक्ष्मीबाईंस तर त्यानंतर आणखी सुमारे पाच वर्षे लागली. त्यांच्या मनातील एकेक गाठ त्यांनी स्वतः सोडविली, आणि ती कशी सोडविली हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. नवरा ख्रिस्ती, ज्यांच्यात राहावयाचे ते ख्रिस्ती, आणि तरी त्यांस तेवढा वेळ मिळाला.

आता उपदेशकबंधूंस व्यवहाराची एक गोष्ट. अशा अर्जाबरोबर पाळकाचे किंवा मंडळीच्या पुढाऱ्याचे शिफारसपत्र लागते, आणि ते बहुधा तुमच्याकडेच मागितले जाईल. मुलगा गुणी आहे, पेटी वाजवितो, इंग्रजी बरे बोलतो, म्हणून लगेच सही करू नका. त्यास दोन-तीन महिने रविवारच्या शाळेचा लहान वर्ग द्या. मुले कोणाच्या स्वाधीन करून तो घरी जातो ते पाहा. म्हाताऱ्या बायबलबाईने चारचौघांत त्याची चूक काढली तर तो ऐकतो काय ते पाहा. आणि वर्गात एखादे मूल असतेच, जे गात नाही, पाठ म्हणत नाही, हात वर करीत नाही. वर्ग सुटल्यावर त्या मुलाशी तो कसा बोलतो हे दारापाशी उभे राहून ऐका. घाई असली तर अर्ज पुढच्या वर्षीही करता येतो.